बारा सेकंदांचे एंजिन

मोटारींची शर्यत म्हटली की वळणे, चढउतार आणि तासन्‌तास चाललेल्या फेऱ्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु एक शर्यत अशी आहे की जिच्यात वळण म्हणून नाही. सरळ, सपाट रस्ता; शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या; दिवा हिरवा झाला की निघायचे आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, गाठायचे. जो आधी पोचला तो जिंकला. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. तेथे बैलजोडी सरळ रेषेत धावते आणि निकाल सेकंदांत लागतो. येथे बैलांच्या जागी एंजिन असते, इतकेच. ह्या शर्यतीला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात.

ही शर्यत जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथल्या तरुणांच्या हाती जुन्या, स्वस्त मोटारी होत्या, अंगात रग होती आणि हातात पाना होता. ते रात्री-अपरात्री गावच्या रस्त्यांवर शर्यती लावीत, आणि त्यांत माणसे मरत. १९५० साली सान्ता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, १९५१ साली, वॉली पार्क्स ह्या संपादकाने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था काढली. तरुणांची ही हौस रस्त्यावरून उचलून नियमांच्या चौकटीत आणावी, हा तिचा हेतू होता. हा हेतू आपण ध्यानात ठेवू या, कारण शेवटी त्याच्याकडे यावयाचे आहे.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते ह्या शर्यतीसाठी घडविल्या जाणाऱ्या एका विशेष एंजिनाविषयी. मी गणित शिकवतो, त्यामुळे अधूनमधून आकडे येतील. पण ते तोंडी करता येण्याजोगेच आहेत. बरे, एंजिन कोणते? तर फोक्सवागन बीटल ह्या कासवाच्या पाठीसारख्या गाडीचे, हवेने थंड होणारे एंजिन.

ही निवड ऐकून कोणी हसेल, आणि त्यात वावगे काही नाही. फर्डिनांड पोर्श ह्यांनी ही गाडी जर्मनीतल्या सामान्य कुटुंबासाठी आखली. महायुद्ध संपल्यावर ती बाजारात आली तेव्हा तिचे एंजिन होते ११३१ सी.सी.चे, आणि त्याची ताकद अवघी २५ अश्वशक्ती. तिचा शेवटचा नग ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे बाहेर पडला. तोवर दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या तयार झाल्या होत्या. ही गाडी कधी वेगासाठी प्रसिद्ध नव्हती. ती प्रसिद्ध होती चिवटपणासाठी. असे असता ती ड्रॅग रेसमध्ये शिरली कशी?

त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे एंजिन मागे असते. बीटलच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग मागच्या चाकांवर पडतो, आणि गाडी ओढतात तीही मागचीच चाके. गाडी झपाट्याने निघाली की वजन आणखी मागे रेलते. बस सुटताना उभे प्रवासी मागे झुकतात, तसेच हे. चाकावर भार जास्त, तर पकड जास्त. आणि पकड नसेल तर हजार अश्वशक्ती असूनही टायर नुसते जागच्या जागी फिरून धूर काढतील. दुसरे कारण म्हणजे एंजिनाची साधी, सुटसुटीत बांधणी. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, समोरासमोर आडवे निजलेले. प्रत्येक सिलिंडर वेगळा ओतलेला; तो काढून दुसरा बसवता येतो. ना रेडिएटर, ना पाण्याचा पंप, ना रबरी नळ्या. चार बोल्ट सोडले की सगळे एंजिन खाली उतरते, आणि दोन माणसे ते उचलू शकतात. हात चालवून शिकू पाहणाऱ्या तरुणाला ह्याहून चांगली शाळा कोठली?

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी जो व्हिटोन ह्यांची ‘एम्पी’ नावाची कंपनी होती. १९६० नंतरच्या दशकात ह्या कंपनीची ‘इंच पिंचर’ नावाची बीटल डीन लोवरी हे चालवीत, आणि मोठमोठ्या अमेरिकन एंजिनांना ती धूळ चारी. १९६८ साली ऑरेंज काउंटीच्या धावपट्टीवर केवळ फोक्सवागन गाड्यांचा ‘बग-इन’ नावाचा मेळावा भरला आणि हा छंद जगभर पसरला.

आता मुद्द्याकडे येऊ. १९७० च्या सुमाराचे बीटलचे मोठे एंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ६९ मिलिमीटर, एकूण आकार १५८४ सी.सी. मिनिटाला ४००० फेऱ्यांना ते ५० अश्वशक्ती देते. आपल्याला हवी आहे २०० अश्वशक्ती, म्हणजे चौपट. ती आणायची कोठून?

एंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप आहे. जितकी हवा आत घ्याल तितके पेट्रोल जाळता येईल, आणि जितके पेट्रोल जाळाल तितकी शक्ती मिळेल. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा हवा वाढविण्याचे तीन मार्ग उरतात: पंप मोठा करा, तो जास्त वेगाने फिरवा, किंवा दर खेपेला तो अधिक गच्च भरा आणि भरलेल्या हवेला अधिक दाबा.

पहिला मार्ग घेऊ. व्यास ९४ मिलिमीटर केला आणि धाव ८२ मिलिमीटर केली, तर आकार होतो २२७६ सी.सी. म्हणजे मूळच्या १.४४ पट. आता वेग ४००० वरून ७५०० फेऱ्यांवर नेला, तर तो १.८८ पट झाला. ५० ला ह्या दोन्ही आकड्यांनी गुणा. उत्तर येते सुमारे १३५. दोनशेला अजून दीडपट कमी पडतात. ती दीडपट तिसऱ्या मार्गाने, म्हणजे मोठ्या झडपा, मोठे कार्बोरेटर आणि वाढवलेला दाब ह्यांनी काढावी लागते. कागदावर काम झाले! पण कागदावरचा गुणाकार लोखंडावर उतरवताना प्रत्येक आकड्याची किंमत मोजावी लागते, आणि खरी गोडी त्या हिशेबातच आहे.

आकारापासून सुरुवात करू. मूळ एंजिनात ९४ मिलिमीटरचा सिलिंडर मावतच नाही. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा जो मुख्य सांगाडा, ज्याला केस म्हणतात, त्याची भोके कातून मोठी करावी लागतात, आणि हेडचीही. भोक मोठे म्हणजे भोवतालचा धातू कमी. सिलिंडरची भिंतही पातळ होते, आणि पातळ भिंत तापली की वाकडी होते. म्हणून काही अनुभवी कारागीर ९४ चा मोह सोडून जाड भिंतीचे ९२ चे सिलिंडर पसंत करतात, थोडे सी.सी. जातात, पण गोल वस्तू गोल राहते. लांब धावेचेही तसेच. क्रँकशाफ्टचा फेर मोठा झाला की कनेक्टिंग रॉडची टोके केसच्या आतल्या भिंतीला घासू लागतात, खालून जाणाऱ्या कॅमशाफ्टशीही झगडतात. मग केस आतून कोरून काढायची, क्रँक हाताने फिरवून पाहायची, पुन्हा कोरायची. वाड्याच्या खोलीत मोठा पलंग शिरवताना चौकट तासावी लागते, त्यातलाच हा प्रकार.

ह्या कामात एक गंमत लपलेली आहे. मूळ एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा आकार ३९६ सी.सी. पिस्टन वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारे ६१ सी.सी. पोकळी उरते, म्हणून हवा साडेसात पट दाबली जाते. आता सिलिंडर झाला ५६९ सी.सी.चा. पोकळी मात्र तीच ६१ ठेवली, तर काहीएक न करता दाबाचे प्रमाण दहाच्या वर जाते! म्हणजे आकार वाढवताना दाब आपोआप वाढतो, आणि ज्याने पोकळी मोजली नाही त्याला आपण काय करून बसलो आहोत ह्याचा पत्ताच लागत नाही. शर्यतीसाठी हे प्रमाण बारापर्यंत न्यायचे असेल तर पोकळी ५२ सी.सी. हवी, रोजच्या वापरासाठी साडेआठ ठेवायचे असेल तर ७६ हवी. फरक किती? २४ सी.सी. म्हणजे चहाचे जेमतेम पाच चमचे. पाच चमच्यांवर एंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून जाणता मेस्त्री काचेची मापनळी घेऊन चारही पोकळ्यांत तेल ओततो, थेंबाथेंबाने मोजतो आणि चारही सारख्या करतो. रसायनाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने करावे तसे हे काम. शर्यत जिंकणारे हात बहुधा येथेच ओळखू येतात.

दाब वाढवला तर बिघडते काय? पेट्रोल आणि हवा ह्यांचे मिश्रण जास्त दाबले की तापते. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूकडून दुसरीकडे शांतपणे सरकावी अशी अपेक्षा असते. परंतु मिश्रण आधीच फार तापले असेल तर पलीकडचा कोपरा ज्वाला पोचण्यापूर्वीच एकदम भडकतो आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा घाव बसतो. घाट चढताना मोटारसायकल ‘खटखट’ आवाज करते, तो हाच. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनापेक्षा हवेने थंड होणाऱ्या एंजिनाचे हेड अधिक तापते. त्यामुळे येथे हा धोका जवळचा. ह्यावर ड्रॅग रेसवाल्यांचा एक जुना तोडगा म्हणजे मिथेनॉल. पेट्रोलपेक्षा हे अल्कोहोल दुपटीहून अधिक मात्रेने ओतावे लागते, आणि वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते. हातावर स्पिरिट लावले की थंड वाटते ना, तसे ते एंजिनाला आतून थंड करते. मात्र त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. गाडी पेटली तरी लांबून कळत नाही. फुकट काही मिळत नाही, हा ह्या विद्येचा पहिला धडा.

दुसरा मार्ग वेगाचा. येथे गणित जरा कठोर होते. पिस्टन मिनिटाला ७५०० फेऱ्यांना सेकंदात अडीचशे वेळा थांबतो आणि पुन्हा उलट धावतो. मूळ एंजिनात त्याची सरासरी चाल सेकंदाला नऊ मीटर होती. आता ती वीस मीटरच्या वर गेली. पण त्याला थांबवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १.८८ पट म्हणजे जोर साडेतीन पट. धाव लांबली म्हणून आणखी थोडा. एकूण चौपटीहून अधिक. हा जोर सोसणार कोण? मूळ क्रँकशाफ्टला तोल सांभाळणारी वजने नाहीत. चार हजार फेऱ्यांना त्यांची गरजही नव्हती. सात हजारांवर मात्र ती क्रँक धनुष्यासारखी लवते आणि बेअरिंगच्या बैठका कुटून ढिल्या करते. म्हणून तोलाची वजने असलेली, घडीव पोलादाची नवी क्रँक घालावी लागते. क्रँकला फ्लायव्हील जोडलेले असते ते एका मोठ्या नटाने आणि चार खुंट्यांनी. शर्यतीसाठी आणखी भोके पाडून आठ खुंट्या ठोकतात. नाही तर गाडी उडी घेते त्या क्षणी फ्लायव्हील सैल होऊन क्रँकचे तोंड खाऊन टाकते.

झडपांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हवेने थंड होणारे हे एंजिन तापले की अंगाने चांगलेच वाढते. सिलिंडर आणि हेड बाहेरच्या बाजूला सरकतात. झडप ढकलणारी जी लांब काठी, ती मूळ कारखान्याने ॲल्युमिनियमची केली होती, कारण एंजिनाबरोबर तीही वाढावी आणि मधली फट फार बदलू नये. वेग वाढल्यावर ही काठी वाकू लागते, म्हणून तिच्या जागी पोलादी काठी येते. पोलाद मात्र उष्णतेने ॲल्युमिनियमच्या निम्म्यानेच वाढते. परिणाम असा की एंजिन तापले की फट रुंदावते. मग थंड असताना फट जवळजवळ शून्य ठेवायची, तापल्यावर ती आपोआप बेताची होते. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्याचे वागणे बदलते, ह्याचे इतके सुंदर उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

तिसरा मार्ग हवा गच्च भरण्याचा. मूळ गाडीत एकच लहान कार्बोरेटर मधोमध असतो आणि दोन्हीकडच्या सिलिंडरांना लांब, अरुंद नळीतून हवा जाते. चौघांना एकाच वाटीतून जेवायला वाढावे तशी ही व्यवस्था. शर्यतीच्या एंजिनावर दोन मोठे वेबर कार्बोरेटर बसवतात. प्रत्येकाला दोन तोंडे, म्हणजे चौघांना चार स्वतंत्र ताटे. ‘४८ आयडीए’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कार्बोरेटरचे प्रत्येक तोंड ४८ मिलिमीटरचे असते. कॅमशाफ्ट अशी घालतात की झडपा जास्त उघडाव्यात आणि जास्त वेळ उघड्या राहाव्यात. बाहेर पडणाऱ्या धुरासाठी चार सारख्या लांबीच्या नळ्या एकत्र आणून मिळवतात, म्हणजे एका सिलिंडरचा बाहेर धावणारा वायू दुसऱ्याचा वायू ओढून नेतो. पण हेही विनामूल्य नाही. असे एंजिन कमी वेगाला अडखळते, धडधडते, बाजारातून भाजी आणायला अगदी निरुपयोगी ठरते. ज्या वेगासाठी ते घडवले त्या वेगालाच ते मोकळा श्वास घेते.

आता सर्वांत मोठा प्रश्न: उष्णता. मूळ एंजिन थंड ठेवण्यासाठी पत्र्याच्या आवरणात एक पंखा असतो. तो जनरेटरच्या दांड्यावर बसलेला असून पट्ट्याने फिरतो. बजाजची चेतक स्कूटर ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही पंखा, आवरण आणि सिलिंडरवरचे पातळ पंख, ज्यांना मेस्त्री ‘फिन्स’ म्हणतात, असाच संसार होता. परंतु पंख्याचा नियम असा की त्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो आणि त्यासाठी शक्ती मात्र आठपट खर्च होते. आपण वेग १.८८ पट केला. पंखा साडेसहा पट शक्ती खाऊ लागला. नाकापेक्षा मोती जड! म्हणून पाव मैलाच्या शर्यतीत कित्येक जण पंख्याचा पट्टाच काढून टाकतात.

हे ऐकून आपण म्हणाल, हवेने थंड होणाऱ्या एंजिनाची हवाच काढून घेतली, मग ते जळणार नाही का? गणित करून पाहू. २०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५० किलोवॉट. जळणातल्या उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच कामी येतो, म्हणजे जळणातून ६०० किलोवॉट उष्णता सुटते. बारा सेकंदांत ती झाली ७२०० किलोज्यूल, म्हणजे पाव लिटरपेक्षाही कमी पेट्रोल! त्यातला मोठा वाटा धुराड्यातून जातो. समजा, पाचवा हिस्सा धातूत शिरला आणि तो ३० किलो वजनाच्या हेड-सिलिंडरांत सामावला. अशा धातूंच्या किलोला एक अंश तापायला सरासरी ०.७ किलोज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ७० अंश. एंजिन शंभर अंशांवर सुटले तर रेषेपाशी ते १७० अंशांवर असेल. तापले खरे, पण वाचले. ह्या बारा सेकंदांत एंजिनाला वारा थंड करीत नाही. त्याचे स्वतःचे वजनच उष्णता पोटात साठवून घेते. तापलेला तवा विस्तवावरून उतरवला तर पोळी करपत नाही, तसे. शर्यत संपली की गाडी ओढत परत आणतात आणि फिन्सवर विजेचा पंखा सोडतात.

पण हेच एंजिन त्याच जोराने एक मिनिट चालवले तर? सेकंदाला जवळजवळ सहा अंश ह्या हिशेबाने मिनिटाला साडेतीनशे अंश चढतात. ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना, पण त्याची ताकद अडीचशेच्या आसपासच ओसरू लागते. हेडवरच्या स्टडची पकड सुटते, झडपांच्या बैठका ढिल्या होतात आणि मेहनतीचा चुराडा होतो. म्हणून ज्याला हे एंजिन रस्त्यावर चालवायचे आहे त्याने पंखा ठेवलाच पाहिजे, तेलासाठी वेगळा कूलर आणि गाळणीही बसवली पाहिजे. मूळ एंजिनात तेल अवघे अडीच लिटर, आणि कागदी गाळणी नाहीच. केवळ जाळी असते. शिवाय गाडी उसळी घेते तेव्हा तेल मागे लोटले जाते आणि पंप हवा ओढू लागतो. त्यासाठी तळाशी खोल भांडे जोडतात. तेल हे ह्या एंजिनाचे वंगणही आहे आणि निम्मे पाणीही आहे.

एवढा खटाटोप करून पदरात काय पडते? एंजिनाची शक्ती कायम धरली तर पाव मैलाचा वेळ शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, मूळ गाडीला वीस सेकंद लागतात. शक्ती चौपट केली. चारचे घनमूळ १.५९, वेळ आला १२.६ सेकंद. चौपट शक्तीने वेळ निम्मासुद्धा झाला नाही! निम्मा करायचा तर आठपट शक्ती हवी. वजनालाही तोच नियम लागू आहे. ड्रायव्हरसह ८८० किलोची गाडी ७०० किलोंवर आणली तर वेळ पावणेबारा सेकंदांच्या आत येतो. तेव्हा काचा, खुर्च्या, दरवाजे हलके करणे हे एंजिन मोठे करण्याइतकेच मोलाचे. दर सेकंद आधीच्या सेकंदापेक्षा महाग पडत जातो.

हलके करण्याच्या नादाला एक सीमा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय संपवणे योग्य होणार नाही. फ्लायव्हीलचा व्यास २७ सेंटिमीटर धरा. मिनिटाला ८००० फेऱ्यांना त्याची कड ताशी ४०० किलोमीटर वेगाने धावत असते. त्या चकतीत बारीकशी भेग असेल आणि ती फुटली, तर तिचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. ८ मार्च १९७० रोजी लॉंग बीचजवळच्या लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स ह्या नामवंत चालकाच्या गाडीत गिअरपेटी फुटली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो एंजिनाच्या मागे, गिअरपेटीला लागून बसला होता. त्याच्या उजव्या पायाचा भाग गेला. बरा होत असताना त्याने नवी गाडी आखली. तिच्यात एंजिन मागे आणि माणूस पुढे होता. १९७१ साली त्या गाडीने शर्यती जिंकल्या, आणि पुढे सगळ्यांनी तीच रचना उचलली. आपल्या बीटलमध्ये माणूस पहिल्यापासूनच पुढे बसलेला आहे, ही तिची आणखी एक पुण्याई. तरीही फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच, अंगावर अग्निरोधक कपडे आणि डोक्याभोवती नळ्यांचा पिंजरा ह्यांवाचून वेगवान वर्गांच्या शर्यतीत कोणी उतरत नाही. २००८ साली स्कॉट कलिटा ह्या चालकाचा अपघाती मृत्यू झाल्यावर तर सर्वांत वेगवान वर्गांची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर आणण्यात आली. विक्रम दुय्यम ठरले, माणूस पहिला.

हे सगळे आपल्याला सांगण्याचे कारण काय? आपल्याकडेही गल्लोगल्ली मोटारसायकलींचे सायलेन्सर बदलणारे, सिलिंडर कातून मोठा करणारे तरुण आहेत, आणि रिकाम्या रस्त्यावर रात्री त्यांच्या शर्यती लागतात. त्यांच्या हातांतल्या कौशल्याची मला कदर वाटते. वर्गात ज्यांना ‘व्यस्त प्रमाण’ म्हटले की जांभई येते, तीच मुले कार्बोरेटरसमोर तासन्‌तास एकाग्र होतात. घरात असा मुलगा असेल तर त्याला नुसते रागावू नका. त्याच्यासमोर कागद ठेवा आणि विचारा: शक्ती वाढवलीस, मग ब्रेक किती वाढवलेस? वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर किती पट लागेल? ते चौपट लागते; आणि रस्त्यावर चौपट अंतर मोकळे मिळत नाही. शर्यतीची धावपट्टी रेषेच्या पलीकडेही दूरवर रिकामी ठेवलेली असते ती एवढ्याचसाठी.

बारा सेकंदांचे एंजिन बारा सेकंदांपुरतेच घडवलेले असते. जेथे ते फिरवायचे ती जागाही त्याच हिशेबाने आखलेली असते. एंजिनाची ताकद ‘किती’ हे कोणीही विचारतो. ‘किती वेळ’ आणि ‘कोठे’ हे दोन प्रश्न जो पुढे विचारतो, त्याच्या हाती पाना सोपवायला हरकत नाही.